खर्जाची फळी

'अभिजात' हा शब्द आम्ही गेली सत्तावीस वर्षे वर्गात उच्चारीत आलो आहोत. अमुक नाटक अभिजात, तमुक कादंबरी केवळ लोकप्रिय, असे निवाडे देणे हा आमचा धंदाच होऊन बसला आहे. आणि कोणत्याही धंद्यात होते त्याप्रमाणे, ज्या मापाने आपण रोज माल मोजतो ते माप एकदा तरी तपासून पाहावे, हे आम्हांस कधी सुचले नव्हते. सेंट-बव्ह ह्या फ्रेंच टीकाकाराने १८५० साली आणि एलियटने १९४४ साली 'अभिजात म्हणजे काय?' ह्या एकाच प्रश्नाचा मथळा घेऊन आपापले विचार मांडले. ते दोन्ही लेख आम्ही विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांकडून वाचून घेतले आहेत. तथापि ह्या प्रश्नाचे जे उत्तर आज आम्हांस पटते, ते ग्रंथालयात मिळाले नाही. गिरगावातील एका माडीवर, वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गोमंतकीय कारागिराच्या मेजावर, चार स्क्रू सोडविल्यानंतर ते आमच्या हाती आले. आणि ते हाती येण्यास छत्तीस-सदतीस वर्षांचा उशीर झाला होता.

आमचे थोरले बंधू आमच्याहून बारा वर्षांनी मोठे होते. आम्ही त्यांस दादा म्हणत असू. दिवसा ते एका कारखान्यात हिशेब लिहीत आणि रात्री ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवीत. हिंदी चित्रपटांतील गाणी गावोगावी सादर करणाऱ्या वाद्यवृंदांचा त्या काळी, म्हणजे १९८० नंतरच्या आठ-दहा वर्षांत, महाराष्ट्रात मोठाच सुकाळ होता, हे वाचकांपैकी प्रौढांस आठवत असेल. गणेशोत्सवाचे दहा दिवस तर दादा घरी केवळ आंघोळीपुरते येत. आमच्या घरी आजीचा मिरजेचा तंबोरा होता. त्यास गवसणी होती, दिवाणखान्यात ठरलेला कोपरा होता, आणि दसऱ्याच्या दिवशी झेंडूचे फूल होते. दादांच्या गिटारीस कपाटामागची फट होती.

१९८८ साली आम्ही महाविद्यालयात प्रविष्ट झालो आणि शेक्सपिअर वाचू लागलो. नुकताच शेक्सपिअर वाचू लागलेल्या तरुणाइतका उद्धट प्राणी ईश्वराने दुसरा निर्माण केला नसावा. घरी एकदा पाहुणेमंडळी जमली असता आत्याबाईंनी सहज विचारले, की थोरला वाजवितो ते वाद्य तरी कसले? दादा तेथेच बसले होते. त्यांच्या देखत आम्ही उत्तर दिले, की ते वाद्य नसून एक फळी आहे. तिला चार तारा आहेत, आणि शेजारच्या घरात कोणी उखळात कांडत असावे तसा तिचा आवाज येतो. सगळे हसले. दादाही हसले. त्या दिवसापासून घरात त्या गिटारीचे 'फळी' हेच नाव पडले. पुढे दादा स्वतःही "माझी फळी कुठं आहे?" असेच विचारू लागले, आणि ते असे विचारीत तेव्हा आमच्याकडे पाहत नसत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते आम्हांस एका तालमीस घेऊन गेले. एका शाळेच्या सभागृहात गाणे रंगात आले होते. दादांचा आवाज कोणता ते आम्हांस सांगता आले नसते, इतका तो इतरांच्या आवाजांखाली मिसळून गेलेला होता. एकाएकी त्यांनी तारांवरचा हात उचलला. गाणे बंद पडले नाही. गायिका गात होती, ढोलक चालू होते, सतारीची गत चालू होती. पण जिन्यावरून उतरताना शेवटची पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे आणि पायाखाली काहीच लागू नये, तसे आम्हांस झाले. सगळेच सूर उंचावर पोकळ लोंबकळू लागले. गायिकेने गाता गाता मान वळवून मागे पाहिले. दादांनी आणखी दोन आवर्तने जाऊ दिली, आमच्याकडे एकवार पाहिले, आणि हात पुन्हा तारांवर ठेवला. परत येताना स्कूटरवर ते एक शब्दही बोलले नाहीत. आम्हांस सर्व काही समजले होते. परंतु समजले असे म्हणण्याइतके मोठेपण आमच्या अंगी नव्हते. तो शब्द आम्ही परत घेतला नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा गेले. गेल्या पावसाळ्यात वहिनींनी ती गिटार आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही शिकलेले. हिची काय किंमत येते ते बघून या. पोरीची पुढल्या वर्षाची फी भरायची आहे." आमच्या पुतणीने संगणकावर चित्रे पडताळून पाहिली होती, आणि हुबेहूब ह्याच आकाराच्या जुन्या अमेरिकन गिटारी लाखो रुपयांस विकल्या जातात, असा शोध लावला होता. त्या गिटारीचे नाव फेंडर प्रिसिजन बेस. आम्हांस हर्ष झाला. हिशेबनिसाने एवढी मोलाची वस्तू कपाटामागे ठेवावी आणि घरात कोणास कळू देऊ नये, हे दादांच्या स्वभावास शोभण्यासारखेच होते. विकण्यापूर्वी वस्तूची माहिती असावी, म्हणून आम्ही महिनाभर त्या विषयाचे वाचन केले. जी गोष्ट भावाच्या हयातीत त्यास एका प्रश्नाने विचारता आली असती, ती आम्ही अशी ग्रंथांतून गोळा केली.

ह्या वाद्याचा जनक लिओ फेंडर हा १९०९ साली कॅलिफोर्नियात जन्मला. तो शिकला होता हिशेब, आणि पोटापाण्यासाठी रेडिओ दुरुस्त करीत असे. गिटार तर त्यास वाजविताही येत नव्हती. त्याच्यापुढे प्रश्न होता तो असा. नाचगाण्याच्या बैठकींत खर्जाचे काम डबल बेस ह्या वाद्याकडे असे. ते माणसाहून उंच. मोटारीच्या टपावर बांधून न्यावे लागे. आणि विजेच्या गिटारी व ढोल ह्यांच्या गलबल्यात त्याचा आवाज कोणास ऐकू येत नसे. शिवाय त्याच्या दांडीवर पडदे नाहीत, त्यामुळे सूर केवळ कानाच्या आधाराने शोधावा लागे. फेंडरने १९५१ साली ह्यावर जो तोडगा काढला तो म्हणजे एक भरीव लाकडी फळी. होय, फळीच! आम्ही थट्टेने योजलेला शब्द शास्त्रदृष्ट्या अचूक होता, हे वाचून आम्हांस जी लाज वाटली ती सांगवत नाही. तंबोऱ्यास भोपळा लागतो, कारण त्यातली पोकळी तारेचा नाद मोठा करते. येथे ते काम वीज करते. तारांखाली चुंबक बसविलेले असतात आणि त्यांभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते, आणि तीच पुढे मोठी होऊन ध्वनिक्षेपकातून बाहेर पडते. पोकळीची गरजच उरली नाही, म्हणून आकार केवळ वाजविणाऱ्याच्या अंगाच्या सोयीने ठरविता आला.

आता त्या सोयीचा विचार पाहावा. गिटारीच्या खालच्या चार तारांचे जे सूर, तेच एक सप्तक खाली, असे ह्या वाद्याचे सूर आहेत. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ आंदोलने करते. इतका खालचा सूर आखूड तारेतून काढावयाचा तर ती फार जाड किंवा फार ढिली करावी लागते, आणि मग सूर गढूळ होतो. तार लांब ठेवावी तर सूर स्वच्छ येतो, पण बोटे पुरत नाहीत. डबल बेसची तार साधारण ४२ इंच, फेंडरच्या गिटारीची साडेपंचवीस. त्याने ३४ इंच लांबी धरली. ह्या लांबीत पहिला पडदा टोकापासून दोन इंचांच्या थोडा आत पडतो. सामान्य माणसाच्या पंज्यास ते अंतर कठीण आहे, पण अशक्य नाही. दांडीवर वीस पडदे ठोकले, आणि सूर नेमका लागतो म्हणून वाद्याचे नाव 'प्रिसिजन', म्हणजे नेमकेपणा, असे ठेवले. लांब दांडी आणि तिच्या टोकाच्या जड खुंट्या ह्यांमुळे वाद्य एका बाजूस कलू नये, म्हणून अंगाच्या वरच्या खांद्यास शिंगासारखा पुढे आलेला भाग दिला; पट्टा तेथे अडकतो आणि तोल सावरतो. सर्व खुंट्या एकाच बाजूस ओळीने लावल्या. आणि दांडी सरसाने न चिकटविता चार स्क्रूंनी अंगास जखडली, ती अशासाठी, की बिघडल्यास काढून दुसरी लावता यावी. पाहणारास जे शोभेचे वाटते त्यापैकी बहुतेक सर्व असे गरजेतून निघालेले आहे.

तथापि पहिलेपणाचा मान फेंडरकडे जात नाही. पॉल टटमार्क ह्या सिअ‍ॅटलच्या गृहस्थाने १९३६ च्या सुमारास भरीव अंगाची, पडद्यांची, विजेवर चालणारी बेस तयार करून विकावयास काढली होती. ती मागे पडली. जे प्रथम ते अभिजात, असा आमच्या साहित्याच्या इतिहासकारांचा एक आवडता समज आहे, त्यास येथे पहिला धक्का बसतो. उलट फेंडरची पहिली आकृतीही त्याची त्यास पुरी वाटली नाही. १९५४ साली त्याने फळीच्या काटकोनी कडा अंगास लागू नयेत म्हणून उतरत्या केल्या. १९५७ साली तारांखालचे वेढे दोन तुकड्यांत विभागले, दोन तारांस एक आणि दोन तारांस एक. ह्या दोन तुकड्यांतील चुंबक आणि वेढे परस्परांच्या उलट असतात. त्यायोगे तारांचा सूर कायम राहतो, पण आसपासच्या विजेमुळे येणारी घरघर एका तुकड्यात जेवढी शिरते तेवढीच दुसऱ्यात उलटी शिरून नाहीशी होते. ह्या सुधारणेनंतर त्याने हात आवरला. आणि आज विकत मिळणारी प्रिसिजनही मुख्य गोष्टींत १९५७ चीच आहे. केव्हा थांबावे हे ज्यास कळते तो कारागीर, हे वाक्य आम्ही कवींविषयी अनेकदा बोललो आहोत. एका रेडिओ दुरुस्त करणाराविषयी ते बोलावे लागेल असे वाटले नव्हते.

१९६० साली त्याने जॅझ बेस नावाचे दुसरे रूप काढले. तिची दांडी खुंट्यांकडे अधिक निमुळती, कंबर तिरपी, आणि वेढ्यांच्या जोड्या दोन. त्यामुळे तिचा आवाज वादकास अधिक प्रकारांनी बदलता येतो. पण ३४ इंच तशीच, शिंग तसेच, चार स्क्रू तसेच. १९६५ साली त्याने आपला सारा व्यवसाय १ कोटी ३० लाख डॉलरांस सी. बी. एस. कंपनीस विकला, आणि १९७६ साली म्युझिक मॅन ह्या नावाखाली स्टिंगरे ही नवी बेस बाहेर पडली तेव्हा तिचीही तारेची लांबी ३४ इंचच राहिली. जनकासही आपल्या आकृतीबाहेर जाता येईना! आणखी एक गोष्ट आमच्या मनात विशेष भरली. लाकूड मात्र बदलत गेले. आरंभी अंग अ‍ॅश वृक्षाचे असे, १९५६ च्या सुमारास बहुधा अल्डरचे होऊ लागले. दांडीवरची मेपलची पट्टी १९५९ साली रोजवुडची झाली. म्हणजे जे लाकूड पाहून शौकीन आज किंमत ठरवितात, त्याविषयी खुद्द कर्ता इतका आग्रही नव्हता.

आणि वादक? डेट्रॉइट शहरात मोटाउन ह्या संस्थेच्या शेकडो गाण्यांत जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर खर्ज वाजवीत असे, उजव्या हाताच्या बहुतकरून एकाच बोटाने. ती गाणी जगभर गेली; पण तबकड्यांच्या वेष्टनांवर वादकांची नावे छापण्याची तेथे रीतच नव्हती. १९७१ साली मार्विन गे ह्याच्या एका संग्रहावर ती छापली गेली. आपल्या मुंबईच्या चित्रपटसंगीतात ज्या गोमंतकीय वादकांनी आयुष्ये वेचली, त्यांचीही नावे तबकड्यांवर क्वचितच आली. ऐकणाऱ्याचे लक्ष आपणाकडे न जाता गाण्याकडे जावे, ह्यातच ह्या वाद्याचे यश असल्याने त्यास कीर्ती मिळणे कठीणच.

एवढी विद्या संपादन करून आम्ही गिटार घेऊन गिरगावात गेलो. त्या वृद्ध कारागिराने ती उचलून वजन पाहिले आणि तो किंचित हसला. मग पाठीमागची पत्र्याची पट्टी सोडविली, चारही स्क्रू काढले, आणि दांडी अलगद अंगापासून वेगळी केली. दांडी एका जपानी नकलेची आहे, असे तो म्हणाला. आतली विजेची जोडणीही तिचीच. अंग मात्र येथलेच. कोण्या सुताराने बेतून दिलेले. जेथे दांडी बसते त्या खाचेत पेन्सिलीने लिहिलेल्या तीन ओळी होत्या. त्याने दिवा जवळ धरला. अक्षर दादांचे होते. हिशेबाच्या वहीत असावे तसे स्वच्छ, उजवीकडे रकमेचा रकाना धरून लिहिलेले:

सागवान, वाड्याचे दार.
सुतार मजुरी, रु. ६०.
लांबी ३४ बरोबर.

आमचा शनिवार पेठेतला वाडा १९८३ साली पाडला गेला. तेव्हा माजघराच्या दाराची एक फळी कोठे गेली म्हणून वडिलांनी कंत्राटदाराशी वाद घातल्याचे आम्हांस आठवते. दादा त्या वेळी तेथेच उभे होते आणि काही बोलले नव्हते. ज्या दारास टेकून आम्ही परवचा म्हटला, त्या दारास फळी म्हणून आम्ही पाहुण्यांत हशा पिकविला होता.

"मग ही खोटीच म्हणायची?" असे आम्ही त्या कारागिरास विचारले. आमच्या स्वरात निराशा होती हे कबूल केले पाहिजे. तो म्हणाला, "माल देशी आहे. बाजारात विचाराल तर सात-आठ हजार येतील. पण खोटं काय आहे यात? माप बरोबर आहे, तोल बरोबर आहे, सूर बरोबर आहे. ज्यानं केली त्याला कळत होतं काय करायचं ते." आणि त्याने दांडी पुन्हा बसविण्यास घेतली.

अभिजात म्हणजे काय, ह्याचे आमचे उत्तर तेथे ठरले. ज्या रचनेतील प्रत्येक अंतरास कारण आहे, आणि म्हणून जी दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या लाकडात, दुसऱ्या देशात केली तरी आपले काम करीत राहते, ती अभिजात. ती पहिली असलीच पाहिजे असे नाही. महाग तर नाहीच नाही. तीत फेरफारास जागा असते, पण फेरफार करणारास तिची मापे आधी शिकावी लागतात. जाको पास्टोरियस ह्या वादकाने आपल्या १९६२ च्या जॅझ बेसचे सारे पडदे उपटून काढले आणि खाचा बुजविल्या, तरी लांबी तीच राहिली, आणि तिच्यातून निघालेल्या आवाजाने १९७६ साली वादकांस चकित केले. पुण्यातल्या सुताराने ६० रुपयांत सागवान कापले, तरीही लांबी तीच राहिली. ह्याच्या उलट, कर्त्याच्या नावाची चिठ्ठी काढून घेतली की ज्यांत काही उरत नाही, अशी काही पुस्तके आम्ही वर्षानुवर्षे अभिजात म्हणून शिकवीत आलो आहोत की काय, अशी शंका आता आम्हांस येऊ लागली आहे. ती येथे विस्तारत नाही. तिचा निकाल वर्गातच लावला पाहिजे.

पुण्यास परतताना आमच्या मनात एक कपट आले. गिटार दोन लाखांस गेली असे वहिनींस सांगावे, पैसे आपल्या पदरचे द्यावे आणि वस्तू आपल्याकडे ठेवून घ्यावी. तसे बोलण्यास आम्ही आरंभही केला. पण वहिनींनी मध्येच थांबविले. "भाऊजी, खरी किंमत सांगा. हे हिशेबाचे घर आहे." तेव्हा आम्ही खरी किंमत सांगितली, त्या तीन ओळी सांगितल्या, आणि मग, कोणी विचारले नसता, १९८८ सालच्या त्या तालमीची हकीकतही सांगितली, जी आम्ही कोणास सांगितली नव्हती. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "ते मला म्हणाले होते. धाकट्याला कळलंय, म्हणाले होते, फक्त तो बोलायचा नाही."

गिटार विकली नाही. फीची व्यवस्था निम्मी कर्जाने आणि निम्मी आमच्याकडून, परतफेडीच्या कागदावर सह्या होऊन झाली. वहिनींनी दुसऱ्या कोणत्याही रीतीस संमती दिली नाही. पुतणी त्या गिटारीवर आता हात बसवीत आहे. पहिल्या पडद्याशी तिची करंगळी अजून पुरत नाही. त्या दिवशी दांडी परत बसविताना चारांपैकी एका स्क्रूचे आटे झिजलेले निघाले. नवा घालू का, असे कारागिराने विचारले. आम्ही होकार दिला आणि जुना मागून घेतला. तो आमच्या मेजावर दौतीशेजारी ठेवलेला आहे. अभिजात साहित्यावरचे व्याख्यान तयार करावयास बसलो म्हणजे हल्ली पहिले वाक्य लिहिण्यास आम्हांस पूर्वीपेक्षा बराच अधिक वेळ लागतो.